हापूसच्या कलमाची पार्श्वभूमी

कोकणात कोणी ‘आमची चाळीस कलमं आहेत’ म्हणाला की ती हापूसचीच, हे वेगळं सांगावं लागत नाही. कोयीपासून आपसूक वाढलेला तो रायवळ. गंमत म्हणजे कलमाची मुळंही रायवळचीच असतात. काटक खुंट त्याचा, वर फळणारी काडी हापूसची. कोय पेरून हापूस हाती लागत नाही, कारण कोयीत परक्या परागाचे गुण मिसळलेले असतात.

एका झाडावर दुसरं बसवायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत फांदी दुसऱ्या झाडाच्या खोडावर बसवून शेणाने लिंपायची कृती दिली आहे. त्या यादीत फणस, जांभूळ, डाळिंब आहेत, आंबा नाही. आंब्याच्या कलमांचं श्रेय सहसा गोव्यातल्या पोर्तुगीजांना, विशेषतः जेझुइट पाद्र्यांना दिलं जातं. हापूस हे नाव १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कवरून पडलं असं मानतात. तो १५१५ मध्येच वारला, तेव्हा त्याच्या हातात कलमाचा चाकू कल्पायचं कारण नाही. मानकुराद, मुसराद, फर्नांदिन या गोव्याच्या जातीही अशाच जोडणीने टिकल्या.

जुनी रीत भेट कलमाची. कुंडीतलं रायवळ रोप मोठ्या हापूसच्या फांदीपाशी न्यायचं, फांदी उंच असेल तर माच बांधायचा. दोघांची साल तासून जखमा एकमेकींना भिडवायच्या, घट्ट बांधायच्या आणि दोन-तीन महिने पाणी घालत राहायचं. सांधा जुळला की रोपाचा शेंडा आणि हापूसची फांदी कापायची. काम खात्रीचं, पण एका झाडावर अशी किती रोपं टांगणार?

ही अडचण कोय कलमाने सुटली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) ते बागायतदारांपर्यंत नेलं. पावसाळ्यात कोय रुजून तांबूस कोंब आला की पंधरा-वीस दिवसांत तो छाटायचा, मधोमध चिरायचा आणि त्यात पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी बसवून प्लास्टिकच्या पट्टीने बांधायचं. आता झाडाशी रोप न्यायला नको, काड्याच रोपवाटिकेत येतात. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान सुरू झालं, तेव्हा हीच कलमं कातळ फोडून लागली.

मात्र काडीबरोबर हापूसची खोडही येते. वरून देखणं फळ कापावं आणि आत साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग निघावा, हे दुखणं कलमागणिक उतरतं. खुंट बदलून ते गेलं नाही. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस या आंब्याच्या जातींचा संकर करून १९८१ मध्ये साका नसलेला ‘रत्ना’ दिला. त्याची रोपंही रायवळच्या खुंटावरच बांधतात.