मों-सां-मिशेल : मठ, उधाण आणि गाळ

फ्रान्समधल्या मों-सां-मिशेलला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी हॉटेल बघतात. त्या दिवशी समुद्र कुठे असेल, हे तिथे पोचल्यावर कळतं. क्रम उलटा हवा. महिन्यातले बरेच दिवस भरतीचं पाणी या बेटाला वेढतच नाही, भोवती नुसता करडा गाळ असतो. असं का, याचं उत्तर मठाच्या तेराशे वर्षांपेक्षा गेल्या दीडशे वर्षांतल्या बांधकामांत जास्त सापडतं.

तरी सुरुवात मठापासूनच करू. नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या सीमेवर, कूएनों नदीच्या मुखाशी ग्रॅनाइटचा एक सुळका आहे. आव्रांशचे बिशप ओबेर यांनी 708 मध्ये तिथे देवदूत मायकलचं छोटं प्रार्थनास्थळ उभारलं. माहीमच्या चर्चला ज्यांचं नाव आहे, तेच हे सेंट मायकल. मायकलने स्वप्नात तीनदा बजावलं आणि शेवटी बोटाने ओबेरच्या कवटीला भोक पाडलं, अशी दंतकथा आहे. भोक असलेली एक कवटी आव्रांशच्या सां-जर्व्हे चर्चमध्ये आजही दाखवतात.

966 मध्ये नॉर्मंडीचे ड्यूक पहिले रिचर्ड यांनी इथे बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणारे, मठवासी आणून वसवले. मुख्य चर्चचं काम 1023 मध्ये सुरू झालं, तेव्हा बांधणाऱ्यांपुढे जागेचाच प्रश्न होता. सुळक्याच्या टोकावर सुमारे 80 मीटर लांबीचं चर्च बसणार कसं? टोक छाटण्याऐवजी त्यांनी चारही बाजूंना उतारावर तळघरासारखी दालनं बांधली आणि त्यांच्या छतांवर चर्चची जमीन बेतली. म्हणजे चर्चचा मधला भाग खडकावर आणि कडा पोकळ बांधकामावर. पुढची बरीचशी पडझड कडांकडेच झाली: 1103 मध्ये उत्तरेकडची भिंत कोसळली, 1421 मध्ये पूर्वेकडचा वेदीचा भाग. तो पुढे 1446 ते 1521 या काळात उशिराच्या गॉथिक शैलीत पुन्हा बांधला. आत शिरल्यावर अर्धं चर्च जाड, गोल कमानींचं आणि अर्धं उंच, उजेडाचं दिसतं ते यामुळे. ग्रॅनाइट शोझे बेटांवरून होड्यांनी यायचा. भरतीवर होडी पायथ्याशी लागायची, म्हणजे ज्या पाण्याने वाट अडायची तेच पाणी दगड वाहून आणायचं.

1204 मध्ये फ्रान्सच्या राजाने नॉर्मंडी जिंकली. त्या लढाईत त्याच्या ब्रिटनीतल्या मित्रांनी पायथ्याचं गाव पेटवलं आणि आग मठापर्यंत पोचली. भरपाई म्हणून राजा दुसरा फिलिप याने पैसे दिले आणि त्यातून उत्तर बाजूला ‘ला मर्वेय’ ही तीन मजली इमारत उभी राहिली. मुख्य काम 1211 ते 1228, इतक्या कमी वेळात. खालच्या मजल्यावर कोठार आणि यात्रेकरूंना अन्नदान करण्याची जागा, जाड खांबांची. मधल्या मजल्यावर पाहुण्यांचं दालन आणि लेखनाचं दालन. सगळ्यात वर भोजनगृह आणि अंगणाभोवतीची ओवरी. वर जावं तसं बांधकाम हलकं होत जातं. भोजनगृहाचं छत तर लाकडाचं आहे. घाईघाईने वर चढून फक्त ओवरीचे फोटो काढणाऱ्यांना हा भारांचा हिशोब दिसत नाही. खालचं कोठार आवर्जून बघावं.

इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शतवार्षिक युद्धात इंग्रजांनी शेजारचं तोंबलेन बेट घेतलं, पण हा मठ त्यांना कधीच घेता आला नाही. 1434 च्या हल्ल्यानंतर त्यांनी सोडून दिलेल्या दोन तोफा दरवाजाजवळ अजून ठेवलेल्या आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठवासी गेले आणि मठाचं तुरुंगात रूपांतर झालं, ते 1863 पर्यंत. 1820 च्या सुमारास बसवलेलं एक मोठं लाकडी चाक त्या काळाची खूण आहे. कैदी त्याच्या आत चालायचे आणि दोर गुंडाळला जाऊन सामान उतारावरून वर यायचं. टोकदार शिखर आणि त्यावरचा शिल्पकार एमान्युएल फ्रेमिए यांचा सोनेरी मायकल मात्र 1897 चा. फोटोंत सर्वात ‘मध्ययुगीन’ वाटणारा भाग हाच सर्वात नवा.

आता समुद्राकडे. कोकणात उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. या उपसागरात तो 14 मीटरच्या आसपास जातो. तळ जवळजवळ सपाट असल्यामुळे मोठ्या ओहोटीला पाणी सुमारे 15 किलोमीटर मागे हटतं. फ्रान्समध्ये भरतीचा जोर 20 ते 120 या गुणांकात मोजतात: 20 म्हणजे भांगाची, सर्वात कमी जोराची भरती, 120 म्हणजे मोठं उधाण. 90 च्या वर गेलं की पाणी पायथ्यापर्यंत येतं आणि 110 च्या वर खरोखरचं बेट होतं. अमावास्या-पौर्णिमेच्याच दिवशी जाऊ नये. इथलं सर्वात मोठं उधाण त्यानंतर 36 ते 48 तासांनी येतं. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, विषुवदिनांच्या आसपास, ते सर्वाधिक असतं. भरतीच्या किमान दोन तास आधी पोचावं. मोठ्या उधाणात दरवाजासमोरचा चौथराच पाण्याखाली जातो आणि काही वेळ कोणालाच आत-बाहेर करता येत नाही. परतीची बस गाठायची असेल तर हे आधी बघावं.

प्रत्येक भरतीबरोबर बारीक वाळू आणि शिंपल्यांचा चुरा असलेला गाळ आत येतो. पाणी जोरात आत शिरतं आणि सावकाश परततं, म्हणून येतो त्याहून कमी गाळ परत जातो. पूर्वी नद्या पात्र बदलत हा गाळ उकरून काढायच्या. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कूएनोंला सरळ कालव्यात बांधलं आणि पश्चिमेला बांध घालून खारभूमी शेतीखाली आणली. 1879 मध्ये थेट बेटापर्यंत पक्का बांधरस्ता झाला. पुढे त्यावर ट्रामही धावली. रस्त्याने यात्रेकरूंची सोय झाली, पण बेटाभोवती फिरणारे प्रवाह अडले. 1969 मध्ये नदीवर बंधारा घातला, पूर रोखायला, आणि भरतीचं पाणी आत जाऊन जोराने परतण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. खारवट गवताची कुरणं बेटाकडे सरकू लागली. असंच चाललं तर 2040 च्या सुमारास बेट जमिनीला जोडलं जाईल, असा अंदाज होता.

म्हणून 2009 मध्ये नवा बंधारा सुरू झाला, आठ दारांचा. त्याची रीत साधी आहे. भरतीचं पहिलं पाणी सर्वात गढूळ, म्हणून तेव्हा दारं बंद. नंतरचं पाणी आत घेतात, भरती संपली की कोंडून ठेवतात आणि सुमारे सहा तासांनी, ओहोटीला सोडतात. नदीने स्वतःच्या जोरावर गाळ ढकलावा, एवढीच अपेक्षा. 2014 मध्ये वास्तुरचनाकार डीटमार फाइख्टिंगर यांनी आखलेला, बारीक खांबांवरचा पूल खुला झाला आणि जुना बांधरस्ता नंतर उखडून टाकला. वाहनतळ अडीच किलोमीटर मागे गेला, यावर लोक अजून कुरकुरतात. मोफत बस दरवाजाच्या सुमारे 400 मीटर आधी सोडते, वाहनतळापासून चालत यायला पाऊण तास लागतो. कुरकुर मान्य करूनही, पूल चालत ओलांडणंच योग्य. मठाच्या सुमारे 350 पायऱ्यांसाठी मात्र पायांत दम राखून ठेवावा.

जुने यात्रेकरू उपसागर पायीच ओलांडायचे. वाळूत रुतलेल्या सैनिकांना हॅरोल्ड (पुढे इंग्लंडचा राजा झालेला) ओढून काढतो, असं कूएनोंजवळचं दृश्य बायो गावच्या अकराव्या शतकातल्या चित्रपडद्यावर भरतकामात दाखवलेलं आहे. आजही जने गावाजवळच्या बेक दांदेनहून सहा-सात किलोमीटर अनवाणी चालत येता येतं, पण प्रमाणित वाटाड्याबरोबरच. पाणी घोड्याच्या वेगाने येतं ही अतिशयोक्ती आहे. ते साधारण माणसाच्या चालीने येतं. धोका वेगळाच आहे. खोलगट ओहोळ आधी भरतात, त्यामुळे समोर कोरडं दिसत असताना मागची वाट तुटलेली असते. धुकं उतरलं तर दिशाच कळत नाही. पाणी मुरलेली वाळू हलवली की पातळ होते आणि थांबलं की घट्ट बसते. पाय अडकला तर सरळ वर ओढू नये. मागे रेलून वजन पसरावं, पाय हलवत भोवती पाणी शिरू द्यावं आणि एकेक करून सोडवावा. माणूस त्यात पूर्ण बुडत नाही. अडकलेल्याला भरती गाठते, म्हणून निघण्याची वेळ वाटाड्या ठरवतो आणि त्यात घासाघीस चालत नाही.