त्वचारोग : इंदूरच्या मराठी घरांतील नावे, ओळख आणि उपचार

त्वचारोग म्हणजे कातडी, केस आणि नखे यांचे आजार. बुरशी, जिवाणू, विषाणू, सूक्ष्म किडे, ॲलर्जी आणि स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रतिकारशक्ती ही त्यांची मुख्य कारणे. होळकरांच्या काळापासून इंदुरात राहिलेल्या मराठी घरांत या आजारांना दोन-दोन नावे असतात. घरात नायटा किंवा गजकर्ण, मेडिकलवाल्याकडे दाद. घरात घामोळं, शेजारणीपाशी घमौरी. अशा बहुतेक जोड्यांनी काही बिघडत नाही. एका जोडीने मात्र माणसे दुखावतात. मराठीतले ‘कोड’ म्हणजे पांढरे डाग, तर हिंदीतले ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग. रामबागेतली एखादी मावशी भाचीबद्दल ‘तिला थोडं कोड आहे’ असे सहज बोलून जाते आणि ऐकणारे हिंदीभाषक पाहुणे भलतेच समजून घरी परततात. या दोन्ही रोगांविषयी आधीच पुष्कळ भीती आहे, त्यात शब्दाने भर घालू नये. बाहेर बोलताना ‘सफ़ेद दाग’ म्हणावे.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. डाग दुधासारखा पांढरा असतो, त्याच्या कडा ठळक असतात, त्यावर खवले नसतात आणि स्पर्श पूर्ण कळतो. त्वचा तपासण्याच्या वुड्स दिव्याच्या जांभळट उजेडात तो चकाकतो. हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, कशानेही पसरत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येते, ही समजूतही निराधार आहे. स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस मलम आणि अतिनील किरणांचा अरुंद पट्टा वापरून दिलेला प्रकाशोपचार यांनी अनेकांचा रंग परततो. चेहऱ्यावर तो लवकर येतो, बोटांच्या टोकांवर सहसा हट्टीपणा करतो. डाग दीर्घकाळ स्थिर असेल तर त्वचारोपण करता येते.

कुष्ठरोगाचा चट्टा वेगळा असतो. तो फिकट किंवा लालसर दिसतो, पांढराशुभ्र नसतो, आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. तपासणी साधीच आहे. डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगतात, कापसाचे पिळलेले टोक अलगद टेकवतात आणि ‘कुठं लागलं, बोट ठेवा’ म्हणतात. चांगल्या कातडीवर बोट अचूक पडते. चट्ट्यावर टेकवले तर हात मांडीवरच राहतो. कोपराजवळची शीर, म्हणजे मज्जातंतू, जाड झालेली हाताला लागते. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो. रोगाच्या प्रकारानुसार तो 6 किंवा 12 महिने चालतो, आणि औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना असणारा धोका लवकरच संपतो. 2019 च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिलेले नाही, हे लग्नाच्या बोलण्यांत सांगण्याजोगे आहे.

कपाळाच्या मधोमध, बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग दिसला तर आधी टिकलीचाच संशय घ्यावा. चिकटपट्टीच्या टिकलीच्या गोंदात कधीकधी असलेले एक रसायन रंगपेशी मारते. टिकली लगेच बंद करून डाग दाखवावा. काहींचा रंग हळूहळू भरतो.

पावसाळ्यात सर्वांत जास्त दिसतो तो नायटा. जांघ, काख, छातीखालची घडी आणि परकराची नाडी जिथे काचते ती कंबर, या त्याच्या ठरलेल्या जागा. गोल चट्टा बाहेरून वाढत जातो, कडा लाल, उचललेली आणि बारीक खवल्यांची होते, मध्यभाग निवळतो. शंका असल्यास कडेचे खवले खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे फांद्या फुटलेले धागे तिथे दिसतात.

पूर्वी हा आजार दोन-चार आठवड्यांच्या मलमाने जाई. आता घरेच्या घरे वर्षानुवर्षे खाजवताना दिसतात. याचे एक कारण बुरशीच बदलली हे आहे. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी वेगळी ओळखलेली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ ही जात टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशकाला अनेकदा दाद देत नाही. दुसरे कारण आपल्या हातातले आहे, आणि ते पुन्हा पुन्हा सांगायला हवे. मेडिकलवर ‘दाद की ट्यूब’ मागितली की पुष्कळदा बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉलसारखे कडक स्टेरॉइड यांची खिचडी हाती पडते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, सासूबाई तीच ट्यूब सुनेला देतात. स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबली जाते आणि बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब थांबवताच चट्टा दुप्पट होऊन उठतो. त्याची गोल कडही मोडते, त्यामुळे ओळखणे अवघड जाते. मांड्यांवर जे पांढरट भेगांसारखे वळ पडतात ते मात्र कायमचे. आपण लावत असलेली ट्यूब डॉक्टरांना जरूर दाखवावी, लपवू नये.

योग्य उपचारात नुसते बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटे जागेपर्यंत लावतात. आजार पसरलेला असेल तर इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली अनेक आठवडे घ्याव्या लागतात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही औषध साधारण दोन आठवडे चालू ठेवायचे असते, आणि नेमके इथेच बहुतेक जण सोडतात. घरात ज्याला ज्याला खाज आहे त्याने एकाच वेळी उपचार घ्यावा. टॉवेल वेगळा असावा, आतले कपडे उन्हात कडक वाळवावेत. झडीच्या दिवसांत ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी.

खरूज किड्याने होते. ती रात्री जास्त खाजते. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी आणि लहान मुलांचे तळवे येथे पुरळ दिसते. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावून सकाळी धुवावे, आठवड्याने पुन्हा लावावे. ज्यांना खाज नाही त्यांनीही त्याच रात्री लावायचे, नाहीतर खरूज घरातच फिरत राहते. शिबं आणि पायांच्या बोटांतल्या चिखल्या याही बहुधा बुरशीच्याच, पण सौम्य. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावण्याने थोडे बरे वाटते, त्यात काही वावगे नाही. मात्र ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठावे.

रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, राजवाड्यावरून घरी आलेली पोरे रंग काढायला दगडाने, राखेने अंग घासतात. आग रंगाने होते आणि घासण्याने ती वाढते. निघण्यापूर्वी तेल लावावे, नंतर साध्या साबणाने धुवावे. उरलेला रंग दोन-तीन दिवसांत आपोआप जातो.

नागीण ही कांजिण्यांच्या विषाणूची पुनरावृत्ती आहे. हा विषाणू मज्जातंतूत दडून राहतो आणि वय किंवा आजारपणाने प्रतिकारशक्ती उतरली की शरीराच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठवतो. आधी जळजळ होते, पुरळ मागून येते. तिने कमरेला वेढा पूर्ण केला की माणूस जातो, ही भीती आजही आजीच्या तोंडी ऐकू येते. पण मज्जातंतू मध्यरेषेपाशी संपतो, त्यामुळे सहसा वेढा पडतच नाही. गेरूचा लेप देत थांबण्यात मोलाचा वेळ जातो, कारण ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्यास त्याचा फायदा सर्वाधिक होतो. फोड नाकाच्या शेंड्यावर आले असतील तर डोळ्यालाही धोका असतो. अशा रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.