पुनर्वसन उपचारकांचे निरंतर शिक्षण, ठाणे व नवी मुंबई

पदवी आणि नोंदणी मिळाल्यानंतर फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ व पुनर्वसनातील इतर उपचारक आपले ज्ञान आणि हातातले कौशल्य ताजे ठेवण्यासाठी जे शिकत राहतात, त्याला निरंतर शिक्षण म्हणतात. व्याख्याने, कार्यशाळा, परिषदा, ऑनलाइन अभ्यासक्रम आणि रुग्णचर्चा ही त्याची रूढ रूपे आहेत.

या शिक्षणाची गरज समजायला अर्धांगवायूचे उदाहरण पुरेसे आहे. रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके जास्त उठवाल-चालवाल तितके चांगले, असा समज बराच काळ होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अॅव्हर्ट या २,१०४ रुग्णांवरील चाचणीने त्याला धक्का दिला. झटका आल्यापासून २४ तासांच्या आत अधिक तीव्रतेने हालचाल सुरू केलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण ४६ टक्के होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ५० टक्के. थोडा थोडा वेळ, पण अधिक वेळा उठवणे हितकारक दिसते, असे पुढील विश्लेषणातून पुढे आले. २०१० साली पदवी घेऊन पुन्हा पुस्तक न उघडलेला उपचारक मात्र मन लावून जुनेच करत राहील, आणि त्याची झळ रुग्णाला बसेल.

कायद्याची चौकट दुहेरी आहे. भौतिकोपचार (फिजिओथेरपी) व व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) या दोन शाखांची नोंदणी महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे होते, आणि मान्यताप्राप्त कार्यक्रमांना परिषद क्रेडिट पॉइंट देते. वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयवतज्ज्ञ वगैरे १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या कक्षेत येतात. तिथे निरंतर पुनर्वसन शिक्षणाला ‘सीआरई’ म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, तेव्हा उजळणीची गरज आणखी वाढली.

मुंबईत या व्यवसायांची परंपरा जुनी आहे. कमला निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. खाडीपलीकडे आता नेरुळला डी. वाय. पाटील व तेरणा आणि कामोठ्याला एमजीएम अशी भौतिकोपचार महाविद्यालये आहेत. वाशीत नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आहे. ठाण्याहून नेरुळला ट्रान्स-हार्बर लोकल थेट जाते. तरीही एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्याला कार्यशाळेसाठी रविवार मोडावा लागतो, शुल्क खिशातून भरावे लागते आणि शनिवारचे रुग्ण पुढे ढकलावे लागतात. मोठ्या रुग्णालयात निदान चार सहकारी चूक दाखवायला असतात. गल्लीतल्या क्लिनिकमध्ये तेही नसतात, म्हणून या शिक्षणाची सर्वांत जास्त गरज तिथेच आहे.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे शिकणे झाले, असे नव्हे. वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००९ च्या समीक्षेत ८१ चाचण्या तपासल्या गेल्या. शैक्षणिक बैठकांमुळे उपचारपद्धतीत सुधारणा होते, पण ती बेताचीच, असे त्यातून दिसले. व्याख्यानाला प्रत्यक्ष सहभागाची जोड असलेल्या बैठका अधिक उपयोगी ठरल्या. सांध्यावर हात ठेवून, चुकून, पुन्हा करून पाहिल्याशिवाय हाताची कला उतरत नाही. हजेरी मोजणे सोपे आहे. महिन्याभराने क्लिनिकमध्ये काय बदलले, हे मोजायला हवे.

विषयांच्या निवडीतही स्थानिक गरज मागे पडते. गुडघा बदललेल्या आजींना देवापुढे मांडी घालायची असते, कुणाला भारतीय बैठकीच्या शौचालयाशिवाय सोय नसते, कुणाला गर्दीच्या लोकलमध्ये चढायचे असते. परदेशी पद्धतींच्या कार्यशाळांत हे प्रश्न क्वचितच येतात. शिवाय शिकवणे बहुधा इंग्रजीत होते, आणि घरचे व्यायाम समजवायचे असतात मराठीत. ‘नुसती मशीन लावा, शेक द्या’ म्हणणाऱ्या आजोबांना, दुखत असले तरी चालणे का थांबवायचे नाही, हे त्यांना पटेल अशा शब्दांत सांगणे हेही शिकण्याचे कौशल्य आहे. कार्यशाळेत त्याचा सराव जोडीजोडीने, एकाने रुग्ण होऊन करता येतो.