छुपा मंत्रचळ

मंत्रचळ (ओसीडी) या मनोविकाराचे बाहेरून न दिसणारे रूप. नको असलेला, किळसवाणा किंवा भयंकर विचार मनात पुन्हा पुन्हा घुसतो आणि तो निस्तरण्यासाठी माणूस मनातल्या मनात काही ना काही करत राहतो. तो तासभर हात धुत नाही, कुलूपही दहादा ओढून पाहत नाही. त्यामुळे एका छताखाली राहणाऱ्यांनाही वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने हा वेगळा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, विचारांचाच जोर असलेल्या मंत्रचळाला ‘एफ ४२.०’ असा स्वतंत्र क्रमांक होता. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तो मंत्रचळाच्या एकाच नोंदीत सामावला आहे.

शब्दाविषयी

मराठी घरांत ‘मंत्रचळ’ हा शब्द बहुधा सोवळ्याओवळ्याच्या संदर्भात ऐकू येतो. नळाखालून हात न काढणारी आत्या, धुतलेली भांडी पुन्हा विसळणारी आजी, ‘तिला मंत्रचळच लागलाय’ हे निम्मे कौतुकाने, निम्मे वैतागाने म्हटलेले वाक्य. शब्दाची फोड मात्र वेगळे सांगते. मंत्र म्हणताना अक्षर चुकले, आवर्तनांची संख्या चुकली, त्याने डोके फिरले, तो मंत्रचळ, असा जुना अर्थ. म्हणजे मूळ शब्द होता मनातल्या पुटपुटण्याचा. वापरात तो मोरीत जाऊन अडकला. याचा तोटा असा की ज्याचे हात कोरडे आहेत, त्याला आपल्याला मंत्रचळ असू शकतो हे सुचतच नाही. तो स्वतःला पापी, विकृत किंवा वेडा यांपैकी काहीतरी ठरवून मोकळा होतो.

विचारांचे स्वरूप

दीड महिन्याचे बाळ पाळण्यात झोपले आहे. बाळंतीण माहेरच्या स्वयंपाकघरात विळीवर दुधी चिरायला बसली आहे आणि एकाएकी डोळ्यांपुढे चित्र येते : ही विळी आणि ते बाळ. तिला दरदरून घाम फुटतो. ती विळी आडवी करते, ओट्याखाली सारते, मग तिथूनही काढून पिठाच्या डब्यामागे ठेवते. दुसऱ्या दिवसापासून ‘मला बसवत नाही’ म्हणून चिरणे आईकडे जाते. बाळाजवळ एकटे थांबायची वेळ आली की ती कुणाला तरी हाक मारते. ओली बाळंतीण आहे, थकली असेल, असे सगळे म्हणतात. रात्री ती पाळण्याशी उभी राहून स्वतःचेच मन चाचपत असते : मला खरंच तसं करावंसं वाटतंय का? आत्ता वाटलं का? हे मात्र कुणाला दिसत नाही.

असे विचार बाळंतिणींना किती येतात, याचा २००८ साली प्रसिद्ध झालेला कॅनडातला एक अभ्यास आहे. बाळाला अपघाताने काही होईल हा विचार त्यातल्या सर्व आयांना येऊन गेला होता. आपणच मुद्दाम इजा करू, असा विचार सुमारे निम्म्या जणींना. यातल्या बहुतेकींच्या मनात तो आला आणि गेला. ज्यांना तो चिकटतो त्यांचा आजार होतो.

इतर विषयही असेच अवघड. लोकल येताना पुढच्या माणसाला ढकलून देऊ या भीतीने फलाटावरच्या खांबाला पाठ लावून उभा राहणारा माणूस. आरतीच्या वेळी मूर्तीकडे पाहताच मनात शिवी उमटते म्हणून गाभाऱ्यात जाणे टाळणारी मुलगी. लहान मुलांविषयी, सख्ख्या नात्यातल्या माणसांविषयी नकोसे लैंगिक विचार. आपला लैंगिक कल भलताच तर नाही ना, बायकोवर आपले खरेच प्रेम आहे का, मघाशी खड्ड्यात गाडी उडाली तेव्हा चाकाखाली कुणी आले तर नव्हते, असे कधीच न मिटणारे संशय. विषय वाटेल तो उचलला जात नाही. जे माणसाला सर्वांत प्रिय किंवा पवित्र, नेमके तिथेच बोट ठेवले जाते : आईला बाळ, भाविकाला देव, सरळ माणसाला चारित्र्य. म्हणून हे विचार येणारी माणसे धोकादायक असतात ही समजूत उफराटी आहे. मनात हेतू असणारा माणूस विळी पिठाच्या डब्यामागे लपवत नाही.

हा प्रकार आजचा नाही. इंग्लंडमधील नॉर्विचचे बिशप जॉन मूर यांनी १६९१ च्या प्रवचनात, ऐन प्रार्थनेत वाईट आणि कधी देवनिंदेचे विचार येणाऱ्या सज्जन भाविकांबद्दल लिहून ठेवले आहे. असे विचार दडपू पाहिले तर ते वाढतात, हेही त्यांना उमगले होते. पुढे १८३८ मध्ये फ्रान्समध्ये एस्किरोल यांनी आणि १८७७ मध्ये जर्मनीत वेस्टफाल यांनी या विकाराची वैद्यकीय वर्णने केली. फ्रेंच वैद्य त्याला ‘संशयाचा आजार’ म्हणत. आजच्या लांबलचक नावांपेक्षा हे नाव रोगाच्या जास्त जवळ जाते.

विचार चिकटतो कसा

लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये एक साधा प्रश्न विचारला : असे विचार निरोगी माणसांना येतात का? सुमारे ८० टक्के लोकांनी ‘येतात’ म्हणून सांगितले. रुग्णांचे आणि निरोग्यांचे विचार सरमिसळ करून ठेवले, तेव्हा कुठला कुणाचा हे जाणकारांनाही नीट ओळखता आले नाही. २०१४ साली १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांच्या पाहणीत तर ९४ टक्क्यांना मागच्या तीन महिन्यांत निदान एक तरी असा विचार येऊन गेलेला निघाला. म्हणजे विचार येणे हा आजार नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्स्किस यांनी १९८५ मध्ये मांडल्याप्रमाणे गाडे अडते ते विचाराच्या अर्थापाशी. ‘काय भलतंच आलं डोक्यात’ म्हणून एक जण चहा गाळायला घेतो. दुसऱ्याला वाटते, आला त्या अर्थी माझ्यात तसे काहीतरी आहे आणि अनर्थ टाळण्याची जबाबदारी आता माझी.

मग तो विचार हाकलू लागतो. औषध घेताना माकडाची आठवण काढायची नाही, ही वैद्यबुवांची अट मराठी माणसाला कुणी समजावून सांगावी लागत नाही. अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये तीच गोष्ट प्रयोगशाळेत करून पाहिली. फक्त माकडाच्या जागी पांढरे अस्वल होते. पाच मिनिटे त्याचा विचार करू नका असे बजावलेल्यांना ते आवरले नाही आणि नंतर मोकळीक मिळाल्यावर त्यांच्या मनात ते इतरांपेक्षा जास्त वेळा आले.

न दिसणारी कृती

छुप्या मंत्रचळात नुसते विचारच असतात, कृती नसते, असे पूर्वी मानत. ‘निव्वळ विचारांचा मंत्रचळ’ असे नावही त्यातूनच रूढ झाले. नीट विचारपूस केली तर कृती सापडतेच. घाण विचार आला की लगेच ‘चांगला’ विचार आणून तो खोडणे. स्तोत्र म्हणताना मध्ये विचार शिरला की पुन्हा पहिल्या ओवीपासून. रात्री अकराला सुरू केलेले स्तोत्र दोन वाजता संपते आणि घरचे म्हणतात, मुलगा मोठा भाविक. दुपारचा सगळा प्रसंग चित्रपटासारखा मागे-पुढे करून पाहणे. लहान भाच्याला कडेवर घेतले तेव्हा शरीरात काय झाले, याची झडती घेणे. मनातल्या मनात कान पकडणे, आकडे मोजणे, रात्र रात्र मोबाइलवर ‘असे विचार येणारे लोक गुन्हा करतात का’ हे शोधणे.

यातली सर्वांत निरुपद्रवी दिसणारी आणि सर्वांत चिवट कृती म्हणजे खात्री करून घेणे. ‘माझ्या हातून असं काही होणार नाही ना रे?’ ‘नाही गं, तू अशी आहेस का!’ पाच मिनिटे बरे वाटते. मग, ‘पण मी याला सगळं सांगितलंच कुठं?’ आणि प्रश्न पुन्हा उभा. प्रत्येक खात्रीने मेंदू एवढेच शिकतो की धोका खरा होता, विचारले म्हणून टळला. घरच्यांची माया इथे आजाराला खतपाणी घालते आणि कुणाला ते माहीत नसते. हीच गत उताऱ्याची. करणी, बाधा किंवा पूर्वकर्म असे निदान करून अमुक हजार जप सांगणारा बुवा रुग्णाच्या हाती नवी, मोजता येणारी कृती ठेवतो. श्रद्धेशी भांडण असण्याचे कारण नाही, पण चुकला तर पहिल्यापासून करायचा जप हा या रुग्णासाठी नळच आहे.

लपवाछपवी आणि निदान

लाज हे लपवण्याचे मोठे कारण, पण एकटे नव्हे. सांगितले तर मूल काढून घेतील, पोलिसांत देतील, लग्न मोडेल, ही भीती असते. तोंडातून शब्द निघाला तर तो खरा होईल, अशीही धास्ती असते. रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो झोप लागत नाही, ॲसिडिटी होते, उदास वाटते म्हणून, आणि तेवढ्याचेच औषध घेऊन परततो.

धीर करून सांगणाऱ्यालाही बरोबर उत्तर मिळेलच असे नाही. न्यूयॉर्क परिसरातल्या सामान्य डॉक्टरांपुढे मंत्रचळाची काल्पनिक वर्णने ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या आसपास निदाने चुकली. अस्वच्छतेच्या भीतीत चुकणारे साधारण एक तृतीयांश होते. इजा करण्याच्या विचारांत ते प्रमाण ८० टक्के निघाले.

या कोंडीवर एक साधे साधन उपयोगी पडते. मंत्रचळाची तीव्रता मोजणाऱ्या, १९८९ पासून वापरात असलेल्या येल-ब्राउन मापनपट्टीसोबत लक्षणांची छापील यादी असते. तिच्यात हिंसक, लैंगिक आणि धार्मिक विचार सरळ लिहिलेले आहेत. रुग्णाला बोलायचे नसते, नुसती खूण करायची असते. आपला सर्वांत काळाकुट्ट विचार कुणीतरी आधीच छापून ठेवला आहे, हे पाहूनच काहींना रडू फुटते.

निदानासाठी हे विचार आणि कृती दिवसाचा तासाहून जास्त वेळ खाणाऱ्या किंवा जगणे अडवणाऱ्या असाव्या लागतात. बाळंतपणानंतरच्या तीव्र मनोविकृतीपासून मंत्रचळ वेगळा ओळखणे फार महत्त्वाचे. मनोविकृतीत भलता विचार बाईला योग्य वाटू शकतो, कधी तो आज्ञेसारखा ऐकू येतो, आणि तेव्हा तातडीने दवाखाना गाठावा लागतो. मंत्रचळात विचाराची तिलाच किळस येते. या आजारात आत्महत्येचा धोका वाढतो. ‘नुसते विचारच तर आहेत’ म्हणून झटकून टाकणे म्हणूनच महागात पडते.

जगभरात दर शंभरांत साधारण दोघांना आयुष्यात केव्हातरी मंत्रचळ होतो. सुरुवात बहुतेकदा शाळा-कॉलेजच्या वयात. आनुवंशिकतेचा वाटा आहे, आणि मेंदूचा पुढचा भाग व खोलवरची केंद्रे यांना जोडणाऱ्या मंडलांत जास्तीची हालचाल आढळते. संगोपनात काय चुकले, हे शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही.

उपचार

पहिला आधार वर्तनोपचाराचा. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये त्याचा पाया घातला : भीतीला सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही. छुप्या प्रकारात कृती मनात असल्यामुळे उपचारक बरीच कल्पकता लढवतात. रुग्ण आपला विचार स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि तो शिळा होईपर्यंत ऐकतो. विळी डब्यामागून निघून ओट्यावर येते. आधी आई शेजारी असताना, मग बाळ शेजारच्या खोलीत असताना, मग बाळ समोर असताना. ‘असं होईल का?’ या प्रश्नाला ‘होईलही, नाहीही; मला ठाऊक नाही’ एवढेच उत्तर द्यायला शिकवले जाते. हे उत्तर ऐकायला क्रूर वाटते. पण इतर सगळे लोक आपले आयुष्य त्याच अनिश्चिततेवर काढत असतात, त्यांना फक्त ते जाणवत नाही. नवऱ्याला, आईला वेगळे बसवून खात्री कशी द्यायची नाही, हेही सांगावे लागते.

औषधांत फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवॉक्सामीन ही पुढे असतात. क्लोमिप्रामीन जुने आणि प्रभावी. अमेरिकेत मंत्रचळासाठी मान्यता मिळालेले ते पहिले औषध (१९८९). नैराश्याला लागते त्याहून मात्रा बहुधा जास्त असते आणि गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात. ‘पंधरा दिवस घेतली, काही फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी औषध ठरवणे, बदलणे, थांबवणे डॉक्टरांशी बोलूनच करावे.

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मंत्रचळासाठी स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था. केंद्र सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिथे मराठीत बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा रुग्णाला हक्क आहे.

येल-ब्राउन पट्टीवर ० ते ४० गुण असतात. ते निदान ३५ टक्क्यांनी उतरले तर उपचार लागू पडला असे तज्ज्ञ मानतात. विचार पूर्णपणे थांबणे ही बरे होण्याची अट नाही, आणि रुग्णाचा हिशेब तर वेगळाच असतो : मधे शिवी येऊनही आरती एका दमात संपली, किंवा दुधी स्वतः चिरला आणि बाळ तिथेच, चटईवर पाय झाडत पडले होते.