प्रायॉन: उपचारांचा रोख कसा बदलला

१९५९ मध्ये लंडनमधल्या एका प्रदर्शनात विल्यम हॅडलो या अमेरिकी पशुवैद्यकतज्ज्ञाने पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना होणाऱ्या कुरू या मेंदूच्या जीवघेण्या आजाराची छायाचित्रे पाहिली. मेंदूच्या चेतापेशींत पोकळ्याच पोकळ्या. स्क्रेपी हा मेंदूचा आजार झालेल्या मेंढ्यांच्या मेंदूत त्याने नेमके हेच पाहिले होते, आणि तसे त्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला कळवले. १९६६ मध्ये कार्लटन गायदुशेक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुरूची लागण चिंपांझींनाही होते हे दाखवले. मग विषाणूचा शोध सुरू झाला. तो कधीच हाती लागला नाही. १९८२ मध्ये स्टॅनली प्रुसिनर यांनी अशा आजारांच्या कारकाला 'प्रायॉन' हा शब्द दिला. म्हणजे घडी बिघडलेले प्रथिन, जे शेजारच्या धडधाकट प्रथिनाचीही घडी बिघडवते.

उपचारांच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९९३ चा प्रयोग. झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमन यांच्या गटाने या प्रथिनाचे जनुकच नसलेले उंदीर घेतले आणि त्यांच्या मेंदूत स्क्रेपी टोचली. ते आजारी पडलेच नाहीत. बिघडायला मूळ प्रथिनच नव्हते! २००३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तर आधीच लागण झालेल्या उंदरांच्या चेतापेशींतले हे प्रथिन बंद केले, तेव्हा मेंदूत सुरू झालेल्या पोकळ्या भरून आल्या.

तरी पुढची बरीच वर्षे औषधांचा भर बिघडलेले प्रथिन हटवण्यावर राहिला. मलेरियावरच्या क्विनाक्रिनने पेशींमधले प्रायॉन साफ केले, पण रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचेही तेच झाले. ज्यांच्या घरी हा आजार शिरला, त्यांच्यासाठी अशी प्रत्येक बातमी किती जड असेल!

आता रोख मूळ प्रथिन कमी करण्याकडे वळला आहे. सोनिया वल्लभ यांची आई २०१० मध्ये आनुवंशिक प्रायॉन विकाराने गेली. तोच जनुकदोष आपल्यातही आहे हे कळल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि पती एरिक मिनिकेल यांच्यासह त्या याच संशोधनात उतरल्या. प्रथिन बनवण्याचा पेशीतला संदेशच नष्ट करणाऱ्या रेणूंनी लागण झालेले उंदीर जास्त जगले, हे २०१९ मध्ये दिसले. अशा औषधाची माणसांवरची चाचणीही सुरू झाली आहे. याच पद्धतीच्या टोफर्सेन या औषधाला एएलएसच्या (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराच्या) एका आनुवंशिक प्रकारासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. अल्झायमर आणि पार्किन्सनमध्येही बिघडलेली प्रथिने पेशीमागून पेशी पसरतात, त्यामुळे तिकडचे संशोधकही इकडे लक्ष ठेवून आहेत.

अडचण वेळेची आहे. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या माणसांतल्या प्रायॉन विकारात लक्षणे दिसू लागल्यावर बहुतेकांच्या हाती काही महिनेच उरतात. म्हणून जनुकदोष असलेल्या, पण अजून निरोगी असलेल्या माणसांना आधीच औषध द्यावे आणि ते लागू पडते का हे मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातल्या प्रथिनाच्या पातळीवरून ठरवावे, असा वल्लभ आणि मिनिकेल यांचा आग्रह आहे.