दुधाचे खाडे लिहितो, तशी झोपही लिहा

बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर असतं आणि त्यावर दुधाचे खाडे मांडलेले असतात. महिनाअखेरीच्या हिशेबाला कुणी आठवणीवर विसंबत नाही. मानसोपचारतज्ज्ञांची पहिली अपॉइंटमेंट घेतली असेल, तर त्याच चौकोनांत आजपासून आणखी एक नोंद करायला घ्या. रात्री झोप किती वाजता लागली आणि जाग कधी आली, एवढीच.

नैराश्य किंवा चिंतेचा आजार एक्स-रेत दिसत नाही. निदान होतं ते ऐकून आणि समोरच्या माणसाकडे नीट पाहून. म्हणून पहिल्या भेटीत प्रश्नच फार असतात. अडचण अशी, की "काय होतंय?" म्हटल्यावर तोंडातून "बरं वाटत नाही" याच्यापुढे काही निघत नाही. संकोच असतोच, शिवाय आठवणही दगा देते. मन खिन्न असलं की खिन्न आठवणीच आधी वर येतात, मधले बरे दिवस पुसले जातात. "माझं कायमच असं आहे," असं माणूस अगदी मनापासून सांगतो. डॉक्टरांना मात्र हे कधी सुरू झालं आणि किती दिवस टिकलं ते हवं असतं, कारण नैराश्याच्या निदानासाठी लक्षणं किमान 2 आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात. तारीख आठवत नसेल तर सणावरून सांगा. गणपतीत बरं होतं, दसऱ्यानंतर बिघडलं, एवढंही पुष्कळ आहे.

झोपेवर माझा एवढा भर का? तीव्र नैराश्यात अनेकांना पहाटे तीन-चारलाच जाग येते, सकाळ सगळ्यात जड जाते आणि संध्याकाळी जरा हलकं वाटतं. चिंतेत बहुधा उलट होतं, अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. तिसरा प्रकार सहज निसटतो. तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना, बोलणं थांबत नाही, डोक्यात बेतांवर बेत, पैसा पाण्यासारखा. याला उन्माद म्हणतात. ज्याला आज नैराश्य आहे त्याला पूर्वी असा उन्माद येऊन गेला असेल, तर आजार बायपोलर असतो आणि औषधं बदलतात. अशा माणसाला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर त्याच गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो. ते दिवस रुग्णाला आजाराचे वाटतच नाहीत, "तेव्हा मी एकदम मस्त होतो," असंच तो सांगतो. म्हणून ज्याने तुम्हाला तेव्हा पाहिलंय, असं घरातलं कुणीतरी बरोबर न्या. मात्र थोडा वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं आहे, हेही सांगा. बायकांनी पाळीच्या तारखाही टिपाव्यात, काहींचं मन दर महिन्याला त्याच दिवसांत ढासळतं.

घरच्या इतिहासाबद्दल विचारतील. आपल्याकडे "आत्याचा विहिरीत पाय घसरला" असं म्हणून विषय मिटवतात. खरं काय झालं ते एखाद्या जाणत्या माणसाला विचारून जा. मानसिक आजारांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि सख्ख्या नात्यातल्या कुणाला कोणती गोळी लागू पडली होती, हेही डॉक्टरांच्या उपयोगी पडतं.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत टाका, आयुर्वेदिक औषधंसुद्धा. स्टेरॉइडमुळे मनःस्थिती बदलू शकते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 यांचे जुने रिपोर्ट असतील तर तेही घ्या. थायरॉइड मंदावली की मरगळ, वजनवाढ, उदासी येते आणि ती थेट नैराश्यासारखी दिसते.

दारू, तंबाखू, मिश्री जे असेल ते खरं सांगा. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांकडे चांगलं दिसावं म्हणून आदल्या दिवशी दारू एकदम तोडू नये. हात थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं.

जीव नकोसा वाटत असेल तर ते वाक्य शेवटासाठी राखून ठेवू नका, बसल्याबरोबर सांगा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. तो काही अपवाद सोडता पाळावाच लागतो, आणि धोका दिसला तर जीव वाचवणं आधी येतं. अपॉइंटमेंट लांबची असेल आणि तोवर धीर धरवत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही फोन करता येतो. जिवाला धोका वाटत असेल तर वाट न पाहता जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

गोळ्या सुरू झाल्या तर त्या तारखेभोवती कॅलेंडरवर गोल करा. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचा गुण यायला 2 ते 4 आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात हजर होते, आणि नेमक्या तिथेच पुष्कळ जण गोळ्या सोडून देतात. त्रास वाटला तर डॉक्टरांना फोन करा, गोळी मनाने बंद करू नका. झोपेची नोंद चालूच ठेवा. दुसऱ्या भेटीला त्या गोलापासून पुढचे चौकोन डॉक्टरांना दाखवायचे आहेत.