मुलाम्याखालचा रुपया

जुन्या बाजारात रविवारी मांडलेल्या ब्रिटिशकालीन राणीछाप आणि राजाछाप रुपयांत चांदीचा कोणता आणि मुलाम्याचा कोणता, हे चकाकीवरून ठरवू नका. मुलामा जेमतेम काही मायक्रॉनचा असतो, पण आतलं पितळ किंवा जर्मन सिल्व्हर तो पुरतं झाकतो. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नसतेच. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण. कल्हई उडालेल्या पातेल्यासारखं इथेही झिजलेल्या जागी आतलं उघडं पडतं. म्हणून आधी राजाचा गाल, मुकुट आणि नाण्याची कड बघा.

कसोटीच्या दगडावर घासणं किंवा ॲसिडचा थेंब टाकणं मी टाळायला सांगेन. नाणं कायमचं खराब होतं आणि कळतं ते फक्त वरच्या थराचं.

भरवशाची आहे ती घनता. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर आधी नाणं तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा काचेला टेकता कामा नये, बुडबुडेही झटकून टाका. आता दिसणारे ग्रॅम म्हणजेच नाण्याचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. वजनाला त्याने भागा.

९१.७ टक्के चांदीचा, ११.६६ ग्रॅमचा रुपया सुमारे १.१३ घनसेंटिमीटर भरतो, म्हणजे घनता १०.३ च्या आसपास. जर्मन सिल्व्हरची साधारण ८.७. नकली नाणं करणाऱ्याची इथेच कोंडी होते: आकार जुळवला तर वजन कमी पडतं, वजन जुळवलं तर नाणं जाड होतं. शिसं मिसळून घनता जुळवता येते, पण मग आवाज बद्द येतो.

मात्र घनता ९.५ आली म्हणून लगेच विक्रेत्यावर संशय घेऊ नका. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, सरकारनेच रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली होती. १९४७ चा रुपया तर निकेलचा; तो लोहचुंबकाला चिकटतो आणि तरीही अस्सल असतो.

साल बदललेल्या नाण्यापुढे मात्र घनता हतबल आहे. १९३९ चा रुपया दुर्मीळ, १९३८ चा सहज मिळणारा, धातू दोन्हींत तोच. तिथे दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि शेवटच्या ९ भोवती कोरल्याचे ओरखडे आहेत का, त्याची झीज शेजारच्या ३ शी जुळते का, ते पाहा.